पुण्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताय? आधी हिशोब, मग भाग, मग कागद

दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा विचार करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "भाव कुठे वाढतील?" भाड्याच्या घरासाठी हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवा. त्याआधी ठरवायचं ते हे की या घरात कोण राहायला येईल, त्याला महिन्याला किती भाडं परवडेल आणि तो गेल्यावर पुढचा माणूस किती दिवसांत येईल. स्वतःसाठी घर बघताना आपण पूर्वेचा उजेड बघतो, देवघराची जागा बघतो, गॅलरीतून टेकडी दिसते का ते बघतो. इथे राहणार दुसरं कुणीतरी आहे. त्याच्या नजरेने घर बघितलं की अर्धे निर्णय आपोआप बदलतात.

हिशोब: जाहिरातीतला आणि हातात येणारा

इस्टेट एजंट सांगतो, "पासष्ट लाखांचा फ्लॅट, बावीस हजार भाडं, चार टक्के पडतात." तोंडी हिशोब बरोबर आहे. वर्षाचे २,६४,००० रुपये म्हणजे ६५ लाखांवर चार टक्क्यांहून किंचित जास्त. पण तुमचे पैसे ६५ लाखच गेलेले नसतात आणि भाडंही पूर्ण हातात येत नसतं.

हेच उदाहरण नीट मांडू. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून पुरुष खरेदीदाराला ७ टक्के पडतात, म्हणजे ४,५५,००० रुपये. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. एजंटची दलाली एक टक्का धरली तर ६५,०००. किचन ट्रॉली, दोन कपाटं, पंखे, गिझर, खिडक्यांना जाळ्या आणि रंग यांना अडीच लाख धरा. एकूण झाले ७३ लाख.

आता उत्पन्नाची बाजू. वर्षातला एक महिना घर रिकामं राहील असं धरूनच चालायचं, म्हणजे २२,००० गुणिले ११, बरोबर २,४२,०००. यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,००० प्रमाणे ३६,००० जातील. मिळकतकर समजा १४,०००. भाडेकरू सरासरी दोन वर्षांनी बदलतो आणि दर वेळी एक महिन्याचं भाडं दलालीत जातं, म्हणून वर्षाला ११,०००. प्लंबर, रंग, गिझर, एखादा नळ यांना १५,०००. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क साधारण ३,०००. खर्च ७९,००० झाला आणि हातात उरले १,६३,०००. ७३ लाखांवर हा परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येतो.

बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. तरीही लोक घर घेतात, कारण भाडं दर वर्षी थोडं वाढतं, जागेची किंमत वाढण्याची आशा असते आणि पुढे मुलांना किंवा आई-वडिलांना उपयोगी पडेल असा विचार असतो. ही कारणं खरी आहेत. चुकीचं आहे ते "भाड्यातून हप्ता निघेल" हे गृहीतक. ५० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो. वरच्या हिशोबातलं निव्वळ भाडं महिन्याला साडेतेरा हजार. म्हणजे दर महिन्याला सुमारे तीस हजार रुपये पगारातून घालायचे. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तरीही घालायचे. ही रक्कम किमान वर्षभर काढता येईल एवढी शिल्लक बाजूला नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की थांबा. छोटा फ्लॅट घ्या, किंवा स्वतःची रक्कम वाढवून कर्ज कमी करा.

छोट्या फ्लॅटचा मुद्दा इथेच सांगतो. भाड्याच्या टक्केवारीत वन बीएचके बहुधा थ्री बीएचकेला मागे टाकतो, कारण किंमत दुप्पट झाली म्हणून भाडं दुप्पट होत नाही. टू बीएचकेचा फायदा वेगळा: चौकोनी कुटुंबालाही चालतो आणि नोकरी करणाऱ्या तीन मित्रांनाही, त्यामुळे तो सहसा रिकामा राहत नाही. मोठ्या, देखण्या फ्लॅटचा भाडेकरू गेला की पुढचा मिळायला वेळ लागतो आणि तोपर्यंत मेंटेनन्स मात्र मोठाच भरावा लागतो.

करांचं काय

हिशोब मांडतानाच कर धरा, नंतर नको. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून जी रक्कम राहते, तिच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मेंटेनन्स, रंग, दलाली यांची वेगळी वजावट नाही, ते सगळं या ३० टक्क्यांतच आलं. त्यानंतर कर्जाचं व्याज वजा होतं. आपल्या उदाहरणात २,४२,००० मधून १४,००० गेले, मग ३० टक्के गेले, उरले १,५९,६००. पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे सव्वाचार लाख, म्हणजे कागदावर अडीच लाखांहून जास्त तोटा. जुन्या करप्रणालीत यातला वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. "टॅक्स वाचेल" म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे आधी बघावं, कारण सध्या बरेच पगारदार नव्या प्रणालीत आहेत.

नावाचाही विचार करा. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ६५ लाखांवर ६५,००० रुपये. पण पैसे नवऱ्याचे आणि घर फक्त बायकोच्या नावावर असेल, तर कराच्या दृष्टीने भाडं नवऱ्याचंच उत्पन्न धरलं जातं. शुल्कातली सवलत खरी आहे, भाड्यावरचा कर वाचेल ही समजूत चुकीची. दोघांनी मिळून पैसे घालणार असाल तर कुणी किती घातले हे बँकेच्या नोंदीतून दिसायला हवं.

पुणे महापालिकेची एक गोष्ट नवे गुंतवणूकदार विसरतात. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. जुन्या मालकाची पावती बघून तुम्ही १४,००० धरले आणि ती सवलतीची पावती असली, तर तुमचं बिल बरंच मोठं येईल. पावती हातात घेऊन सवलत लागलेली आहे का ते वाचा. पिंपरी-चिंचवडचे नियम आणि दर वेगळे आहेत, तिथली पावती वेगळी वाचावी लागेल.

भाग निवडताना

पुण्यात भाडेकरू कशामुळे येतात? नोकरी आणि शिक्षण. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे वाकड, हिंजवडी, पुनावळे, बालेवाडी. खराडीच्या आयटी पार्कमुळे खराडी, चंदननगर, विमाननगर, वाघोली. मगरपट्ट्यामुळे हडपसर. चाकण आणि तळवड्याच्या कारखान्यांमुळे मोशी, चिखली. कात्रजजवळच्या भारती विद्यापीठामुळे धनकवडी आणि आंबेगाव. कोथरूडला एमआयटी, कर्वेनगरला कमिन्सचं कॉलेज. आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी राज्यभरातली मुलं.

यातला प्रत्येक भाडेकरू वेगळा आहे. आयटीतला भाडेकरू भाडं वेळेवर देतो, पण बदली किंवा नवी नोकरी लागली की दीड वर्षात जातो. मुलं शाळेत असलेलं कुटुंब एकदा आलं की सहसा शाळा बदलेपर्यंत हलत नाही, म्हणून कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागात भाड्याची टक्केवारी कमी दिसली तरी घर रिकामं राहण्याचे महिनेही कमी असतात. विद्यार्थ्यांना दिलेल्या घरातून एकूण भाडं जास्त निघतं, पण रंग, नळ आणि सोसायटीच्या तक्रारी यांचं ओझंही तुमच्यावर येतं.

एकाच कंपनीवर किंवा एकाच आयटी पार्कवर अवलंबून असलेल्या भागात जपून. घरून काम करायची मुभा मिळाली किंवा नोकरकपात झाली की तिथल्या कितीतरी घरांवर एकदमच "टू लेट"च्या पाट्या लागतात आणि सगळे मालक एकमेकांपेक्षा कमी भाडं सांगायला लागतात. नोकरीची दोन ठिकाणं आणि एखादी चांगली शाळा ज्याच्या आवाक्यात आहे, तो भाग मला जास्त भरवशाचा वाटतो. मेट्रोच्या वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिकांवरच्या स्थानकांपासून चालत दहा मिनिटांवरचं घर गाडी नसलेल्या भाडेकरूला आवडतं. ते अंतर मात्र स्वतः चालून बघा, नकाशावर मोजू नका. मध्ये महामार्ग ओलांडावा लागत असेल तर ते स्थानक जवळ असूनही उपयोगाचं नाही.

आता पाणी. पुण्याच्या कडेच्या भागात घर घेताना मी पाण्याचा प्रश्न सगळ्यात वर ठेवीन. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. गाव हद्दीत आलं म्हणून नळाला पुरेसं पाणी येतंच असं नाही. वाघोली, उंड्री, पिसोळी, बाणेर-बालेवाडीच्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स पुण्यात बहुधा मालक भरतो. म्हणून सोसायटीकडून मार्च ते जून या महिन्यांतल्या टँकरच्या खर्चाचा आकडा मागा. शक्य असेल तर घर एप्रिल-मेमध्ये बघायला जा. पावसाळ्यात सगळ्याच सोसायट्यांना पाणी भरपूर असतं.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टी आणि खडकवासल्यातला विसर्ग यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नदी-ओढ्याजवळची इमारत असेल तर ती निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत आहे का ते विकास आराखड्याच्या नकाशावर तपासा, आणि खाली राहणाऱ्यांना विचारा की पार्किंगमध्ये पाणी कधी आणि किती चढलं होतं. वरचा मजला कोरडा राहिला तरी ज्याची गाडी एकदा पाण्यात गेली तो भाडेकरू पुन्हा करार करत नाही.

खरं भाडं काढायला दोन-तीन साध्या गोष्टी पुरतात. त्याच सोसायटीतल्या फ्लॅटसाठी दोन वेगळ्या एजंटना भाडेकरू म्हणून फोन करा आणि शेवटचं किती ते विचारा. विकणाऱ्याने सांगितलेलं भाडं आणि भाडेकरूला सांगितलेलं भाडं यांत बहुतेक वेळा दोन-तीन हजारांचा फरक निघतो. संध्याकाळी आठ वाजता खाली उभं राहून किती खिडक्या अंधारात आहेत ते बघा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी आणि वॉचमनशी बोला. कोणत्या विंगमधले लोक सारखे बदलतात आणि का, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तयार घर की बांधकाम चालू असलेलं

भाडं हाच हेतू असेल तर तयार घर. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. चालू बांधकामात साधारण ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. त्याहून मोठं कारण म्हणजे ताबा मिळेपर्यंत हप्ता किंवा व्याज चालू आणि भाडं शून्य. तयार घरात पाणी, लिफ्ट, शेजार, सोसायटीचं राजकारण सगळं डोळ्यांसमोर असतं. मला पाच ते दहा वर्षांची, सोसायटी स्थापन झालेली इमारत सगळ्यात बरी वाटते: सुरुवातीच्या गळती बाहेर आलेल्या असतात आणि मोठ्या दुरुस्त्या अजून लांब असतात.

तरीही चालू प्रकल्पातच घ्यायचं असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून पूर्णत्वाची जाहीर तारीख, ती किती वेळा पुढे गेली आणि चालू दावे बघा. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर काढा. दोन फ्लॅटची तुलना एकाची कार्पेटवर आणि दुसऱ्याची सेलेबलवर, म्हणजे जिने-लॉबीचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रावर, झाली तर निर्णय चुकणारच.

कागद

पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी वकील स्वतःचा नेमा, विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकतकराची पावती, महावितरणचं बिल. आधीचं कर्ज असेल तर बँकेचं बोजा उतरवल्याचं पत्र. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यायला थोडे पैसे जातात, पण एखादा वारस किंवा जुना करारधारक असेल तर तो खरेदीआधीच समोर येतो.

पुण्यात दोन प्रकारच्या इमारती भेटतात: सहकारी गृहरचना संस्था आणि १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट. अपार्टमेंटमध्ये शेअर सर्टिफिकेट नसतं, अपार्टमेंट डीड असतं, आणि खर्चाची वाटणी बहुधा क्षेत्रफळाच्या हिश्शाप्रमाणे होते. दोन्ही चालतात, कुठल्यात आपण शिरतोय ते माहीत असावं. पार्किंग कागदावर आहे की "आपलं ठरलेलं आहे" एवढंच, हेही लिहून घ्या. चारचाकीवाला भाडेकरू पार्किंग नसेल तर पुढच्या इमारतीत जातो.

शेवटच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागून वाचा. बॅचलर भाडेकरूंवर बंदी, भाडेकरूकडून शिफ्टिंगचे जादा पैसे, रंगकाम किंवा लिफ्टसाठी येऊ घातलेली मोठी वर्गणी हे सगळं तिथे सापडतं. नॉन-ऑक्युपन्सी शुल्काबद्दल वाद झाला तर लक्षात ठेवा, राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि या सेवाशुल्कात महापालिकेचे कर मोजत नाहीत. जास्त मागितलं तर आदेशाची प्रत जोडून लेखी पत्र द्या, भांडू नका. त्या सोसायटीत तुम्हाला अनेक वर्षं काढायची आहेत.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या नावावरचा आयकर, आधीच कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची. विकणारा परदेशी रहिवासी असेल तर नियम आणि दर पूर्ण वेगळे आहेत, तिथे सीएला विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

पेठांतल्या वाड्यातला हिस्सा किंवा जुना भाडेकरू बसलेली जागा "स्वस्तात" मिळत असेल तर भाड्याच्या गुंतवणुकीसाठी ती घेऊ नये असं मी सांगेन. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यापासून चालत आलेलं संरक्षण तिथे लागू असू शकतं आणि त्यातून जागा मोकळी व्हायला पिढी जाते. या वाड्यांच्याच आठवणीने आजही अनेक ज्येष्ठ मंडळी "भाडेकरू ठेवला की घर गेलं" म्हणतात. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरती जागा वापरू देणाऱ्या आजच्या कराराचा, कायदेशीर पाया मात्र वेगळा आहे.

करार: इथे काटकसर नको

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि व्यवहारात त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोडून काढायचं काम तुमच्यावर येतं. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेल्या करारावर लाखोंची जागा सोपवू नका.

खर्च तर फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के व्याज धरून होणाऱ्या बेरजेच्या ०.२५ टक्के. २२,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, ११ महिने: शुल्क सव्वासहाशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. एजंट घरी येऊन दोघांचे आणि साक्षीदारांचे आधारवर थंब घेतो, त्याची फी वेगळी. भाडेकरू टिकणारा वाटत असेल तर एकदम २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करा. दर वर्षीची धावपळ वाचते आणि वाढ आधीच लिहिलेली असते.

करारात काय असावं? लॉक-इन, म्हणजे मध्येच करार मोडता येणार नाही तो काळ, किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, भाडं कोणत्या तारखेला, वार्षिक वाढ किती टक्के. मेंटेनन्स कुणाचा, वीज-गॅस-इंटरनेट कुणाचं. राहणाऱ्यांची नावं आणि संख्या, पोटभाडेकरू ठेवायची मनाई. छोट्या दुरुस्त्या कुठल्या रकमेपर्यंत भाडेकरूने करायच्या. डिपॉझिटमधून काय कापता येईल आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल. सामानाची यादी स्वतंत्र परिशिष्टात: पंखे किती, गिझर कुठल्या कंपनीचा, कपाटाच्या किल्ल्या किती. आणि ताबा देताना प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, वीजमीटरच्या आकड्याचे फोटो दोघांच्या फोनवर. डिपॉझिटवरची बहुतेक भांडणं या फोटोंपाशी संपतात.

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असतं. काही जण "हेवी डिपॉझिट" घेऊन नावापुरतं भाडं ठेवतात. तसे दहा-पंधरा लाख तुमच्याकडे आले तर ते परत द्यायचे आहेत हे विसरू नका. ते दुसऱ्या फ्लॅटमध्ये घालणाऱ्या मालकाला घर रिकामं करून घेताच येत नाही, कारण परत द्यायला पैसेच नसतात.

केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा २०२१ मध्ये आला आणि त्यातल्या दोन महिन्यांच्या डिपॉझिटच्या मर्यादेचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत राहतात. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. आपल्याकडे करार करताना आधार १९९९ च्या राज्य कायद्याचा.

भाडेकरू निवडणं

आधार, पॅन, कंपनीचं ओळखपत्र, शेवटच्या महिन्याचं पगारपत्रक. विद्यार्थी असतील तर पालकांपैकी एकाला करारात घ्या. आधीचं घर का सोडताय हे विचारा आणि शक्य असेल तर आधीच्या मालकाला एक फोन करा. भाडं पगाराच्या एक तृतीयांशाहून फार जास्त होत असेल तर पुढे ओढाताण होते. आडनाव, जात, धर्म, खाणंपिणं यावरून माणूस नाकारणारे मालक मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. परक्या शहरात घर शोधत फिरणाऱ्या माणसाचा तो अपमान आहे, आणि भाडं वेळेवर येण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. पगार, कागद आणि आधीच्या मालकाचा अनुभव बघा.

करार झाला की पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरा आणि पोचपावती कराराला जोडा. पिंपरी-चिंचवडमध्ये वेगळं पोलीस आयुक्तालय आहे. सोसायटीला कराराची प्रत आणि पोलिसांची पोच लेखी पत्रासोबत द्या, पत्राच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो, कंपनी भाड्याने घेत असेल तर दर १० टक्के. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, कापायचा दर ३० टक्के आणि वर अधिभार. भाडेकरूला हे आधीच सांगितलेलं बरं, त्याच्यासाठीही ती जबाबदारी अचानक येते.

घर चालवणं

भाडेकरू टिकवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तक्रारीला लवकर उत्तर. बोअर आणि टँकरच्या क्षारयुक्त पाण्याने गिझरची कॉइल आणि नळांचे वॉशर लवकर जातात, तो दोष भाडेकरूचा नसतो. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर भाडेकरूला देऊन ठेवा आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचं काम तुम्हाला न विचारता करून घेऊ द्या. वरच्या मजल्यावर घर असेल तर मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघून या. पाऊस सुरू झाल्यावर सोसायटीच्या मागे लागून काही होत नाही.

कराराची मुदत एप्रिल ते जून या काळात संपेल अशी ठेवता आली तर ठेवा. शाळा जूनमध्ये सुरू होतात, कॉलेजची मुलं जून ते ऑगस्टमध्ये येतात. डिसेंबरमध्ये रिकामं झालेलं घर भरायला जास्त वेळ लागतो. चांगला भाडेकरू राहणार असेल तर हजार रुपयांच्या वाढीवरून त्याला घालवू नका. एक महिना रिकामा आणि एक महिन्याची दलाली मिळून ४४,००० गेले, ते हजार रुपयांच्या वाढीतून भरून निघायला ४४ महिने लागतील.

घर रिकामं करून घेणं

मुदत संपायच्या दोन महिने आधी लेखी, म्हणजे ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर, विचारा: नवा करार की जागा सोडणार. मुदत संपलेल्या करारावर "राहा दोन-तीन महिने" असं तोंडी ठरवून भाडं घेत राहू नका. थोड्याच काळाची गरज असेल तर तेवढ्या महिन्यांचा करार पुन्हा नोंदवा.

क्वचित एखादा माणूस जागा सोडतच नाही. वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. पोलिसांत तक्रार तुमच्यावर होईल आणि कायद्याने तुमच्याकडे असलेली भक्कम बाजू दुबळी होईल. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हाच त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. बाजू मांडायची असेल तर समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आधी परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नोंदणीवर खर्च केलेल्या त्या दीड-दोन हजार रुपयांचा उपयोग इथे कळतो.

सरळ मार्गाने जाणाऱ्या भाडेकरूच्या बाबतीत शेवटच्या दिवशी सामानाच्या यादीवर दोघांनी मिळून खुणा करा, मीटरचा फोटो काढा, महावितरणचं आणि गॅसचं शेवटचं बिल त्याच दिवसापर्यंतचं काढून भरून घ्या. नेहमीच्या वापराने भिंतीचा रंग फिका झाला तर तो तुमचा खर्च. फुटलेलं बेसिन भाडेकरूचं. कापलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या आणि उरलेलं डिपॉझिट किल्ल्या घेतानाच त्याच्या खात्यावर पाठवा.